फेन्नाच्या चौदा पायऱ्या

हार्लो, १८ मार्च १९७९

प्रिय येनेके,

बुधवारी दवाखान्यातून घरी आले. घरी म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत. बेरेंडनं माझा पलंग वरून खाली आणून थेट रस्त्याच्या खिडकीशी लावला आहे. म्हणे, आई, तेवढीच तुझी करमणूक. करमणूक माझी नाही, गावाची चालली आहे. आपल्याकडे दिवसा पडदे कोण ओढतं? त्यामुळे सकाळी दूधवाल्यापासून संध्याकाळी पाद्रीबुवांपर्यंत जो तो काचेतून बघतो, मान डोलावतो, आणि दोन पावलं पुढे गेल्यावर बायकोला काहीतरी सांगतो. काय सांगत असेल ते मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं मीही याच रस्त्यानं लोकांच्या खिडक्यांत बघत गेले आहे.

फोन का नाही केला, असं तुझा नवरा कोर विचारेल. फोन आहे दाराजवळच्या बोळात, भिंतीला टांगलेला, आणि तिथे खुर्ची मावत नाही. दोन कुबड्यांवर उभं राहून कानाशी फोन धरायचा तर मला तिसरा हात लागेल.

नवा खुबा छान बसला आहे म्हणतात. त्याचे कायदे तुला माहीतच आहेत. वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कुशीवर वळायचं नाही. दोन मांड्यांमध्ये उशी घेऊन पाठीवर सरळ पडून राहायचं, चर्चमधल्या थडग्यावरच्या दगडी सरदारासारखं.

आता मुद्द्याचं. बेरेंडनं माझं नाव वृद्धनिवासात घातलं आहे. मला विचारलंही नाही, मी तिकडे भुलीच्या गुंगीत होते. गावाबाहेर ती नवी विटांची इमारत झाली ना, तिथे जूनमध्ये एक खोली रिकामी होते. मी ती पाहिली आहे. एक खुर्ची, एक कपाट, आणि बारा वाजता घंटा झाली की मुकाट जेवायला या. सगळे म्हणतात, सोय उत्तम आहे, लोक रांगेत उभे आहेत. असू दे रांग. मी एकोणसत्तर वर्षांची आहे, एकशे नऊ नाही. या घरात मी लग्न होऊन आले, माझा गेरिट इथूनच गेला, आणि मीही इथूनच जाणार, चालत नाहीतर चौघांच्या खांद्यावर.

भांडून भांडून शेवटी करार झाला. पंधरा मेला बेरेंड येईल. त्याच्यासमोर मी माझ्या पायांनी जिना चढून वरच्या माझ्या खोलीत गेले, तर खोलीला नकार. नाही जमलं तर मी कागदावर सही करायची. माझा जिना तू पाहिला आहेस. चौदा पायऱ्या, आणि शिडी बरी म्हणावी इतका उभा.

तुझं ऑपरेशन गेल्या वर्षी याच सुमारास झालं. नवव्या आठवड्यात तू सायकलवरून समुद्राच्या बांधावर गेलीस, असं लिहिलं होतंस. ते पत्र मी दवाखान्यात उशाशी ठेवलं होतं. तेव्हा मला वेळापत्रक पाठव. कोणत्या आठवड्यात काय, किती वेळा. गोड गोड बोलू नकोस, आकडे दे.

खिडकीत मांडलेली तुझी बहीण,
फेन्ना


व्लिसिंगन, २२ मार्च १९७९

प्रिय फेन्ना,

तुझं पत्र वाचून कोर इतका हसला की चष्मा पुसावा लागला. जीभ शाबूत आहे, म्हणाला, म्हणजे पायही येईल ठिकाणावर.

आकडे हवेत ना, घे. दुसऱ्या आठवड्यात पाय बाजूला उचलणं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. चौथ्यात वीस वेळा. पाचव्यात मी एक कुबडी टाकून दिली. सहाव्यात कोरच्या वाढदिवसाला सफरचंदाचा केक भाजला, आणि खुर्च्यांचं रिंगण करून बसलेल्या चौदा माणसांना माझ्या हातानं कॉफी दिली. नवव्यात बांध. अजून आठवतं, भरती होती, एक मोठं जहाज आत येत होतं आणि त्याला बंदरात आणणाऱ्या वाटाड्यांची होडी त्याच्याकडे निघाली होती. मी सायकल टेकवून बघत उभी राहिले.

मन प्रसन्न ठेवलं की निम्मं काम होतं, फेन्ना. कोर म्हणतो, त्या दिवसांत घरात हसणारी मी एकटीच होते. सध्या वारा फार सुटला आहे म्हणून सायकल शेडमध्ये आहे. बाजारही कोरच करतो, त्याला मासेवाल्याशी गप्पा मारायला बरं वाटतं.

तू लहानपणापासून माझ्याहून दणकट. मला जमलं ते तुला का जमू नये?

तुझी,
येनेके


हार्लो, ३० मार्च १९७९

प्रिय येनेके,

तुझं वेळापत्रक भिंतीला लावलं आहे. त्याच्याकडे बघितलं की अंगावर काटा येतो.

माझा सहावा आठवडा चालू आहे. एका कुबडीवर चार पावलं टाकली आणि मांडी थरथरायला लागली. केकचं नाव काढू नकोस. मला कॉफीचा कपसुद्धा खोलीत आणता येत नाही. दोन्ही हात कुबड्यांना दिले की कप कोण धरणार? रोज दहा वाजता, सगळा देश बसून कॉफी पितो तेव्हा, मी ओट्याशी उभी राहून पिते, हौदावरच्या घोड्यासारखी. आणि रडते. हे तुला सांगते, दुसऱ्या कुणाला नाही. परवा मोजा पायात जाईना म्हणून रडले. मोजा चढवायला त्यांनी एक लांब चिमटा दिला आहे, तो पलंगाखाली गेला. वाकायचं नाही, म्हणजे चिमटा काढायला दुसरा चिमटा हवा. तासभर एका पायात मोजा घालून बसले होते आणि गेरिट गेला तेव्हा रडले नसेन इतकी रडले.

गावातल्या परिचारिका टिमरबाई येतात. त्या म्हणतात, फोटोत सांधा सुरेख दिसतो. दिसू दे. सांधा सुरेख आणि बाई भिकार, त्याला काय करू? मला भीती वाटते, येनेके. दुखण्याची नाही. हे असंच राहील आणि मी त्याला सरावून जाईन, याची. तुझ्या नवव्या आठवड्यात तू बांधावर होतीस. मी बहुधा नवव्या आठवड्यात याच मोज्याशी झोंबत असेन. मी भित्री आहे की आळशी, तेवढं मला कळू दे.

झोप लागत नाही म्हणून टिमरबाईंनी गोळ्या दिल्या आहेत. आज पहिली घेईन.

फेन्ना


हार्लो, ३ एप्रिल १९७९

प्रिय येनेके,

मी मेले होते हे तुला कळलंच असेल. आता माझ्या तोंडून ऐक.

शनिवारी पहाटे साडेपाचला जाग आली. व्यायाम करायचे होते. नाइटगाऊन वर खोचून पाय हवेत, आणि समोरून दूधवाला यायची वेळ. कुबडीच्या मुठीनं पडदे ओढून घेतले. म्हटलं, अर्ध्या तासात उघडीन. पण ती गोळी अजून अंगात होती. वीस वेळा पाय उचलला आणि पाठीवर सरळ आडवी झाले ती झालेच.

पुढचं काय ते तूच ओळखशील. नऊ वाजता हेर्मान लान्सिंक ब्रेड आणायला निघाला. दिवसाउजेडी फेन्नाबाईच्या घराचे पडदे ओढलेले. हेर्मानला दुसरा अर्थ सुचणार तरी कसा? घरात मयत झाल्याशिवाय हार्लोत कुणी दिवसा पडदे ओढलेत का? त्यानं पुढचं दार वाजवलं. मला ऐकू आलं नाही. आणि हेर्मान पडला पहिला शेजारी. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी बोटही हलवायचं नाही, सगळं पहिल्या शेजाऱ्यानं करायचं, हे त्याच्या रक्तात आहे. तो टोपी हातात घेऊन तडक चर्चकडे गेला.

मला जाग आली ती घंटेनं. मयताची घंटा, एकेक ठोका. डोळे उघडले तर मागच्या दारानं आत आलेली हेर्मानची बायको मिना, काळा एप्रन बांधून, माझ्या खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ थांबवत होती. माझ्याकडे तिची पाठ. बरोबरच आहे, आधी घड्याळ, मग आरसा झाकायचा, आणि मयताजवळ जायचं ते दुसऱ्या शेजारणीला घेऊनच. मिना रीत सोडणारी नाही. अर्धवट झोपेत मला खरंच वाईट वाटलं, कोण बिचारं गेलं म्हणून.

‘मिना,’ मी विचारलं, ‘कोण गेलं गं?’

तिनं मान वळवली. मिना आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही. ‘तू,’ म्हणाली, आणि खुर्चीवरच मटकन खाली बसली.

मग दुसरी शेजारीण टोनिया आली, चादर आणि परात घेऊन. तिला दारातच थांबवावं लागलं. हेर्मान आला तो वैतागून. अकरा घरी सांगून झालं होतं, आता अकरा घरी जाऊन परत काय सांगायचं? मी म्हटलं, सांग, तिनं बेत बदलला. हसू नकोस. मीही तेव्हा हसले, पण ते बेरेंड येईपर्यंतच.

त्याला हेर्माननं पहिला फोन केला होता. दुसरा फोन लागेपर्यंत तो गाडीत बसला होता. काळा टाय घालून आला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस माझ्या पलंगाच्या कडेला बसला आणि सात वर्षांचा असल्यासारखा हुंदके देऊन रडला. मग खिशातून वृद्धनिवासाचा कागद काढला. म्हणाला, ‘आई, ती पाऊण तासाची गाडी मला पुन्हा चालवायला लावू नकोस. सही कर.’

मी पेन हातात घेतलं होतं, येनेके. तुला खरं सांगते, घेतलं होतं. त्याचे डोळे बघवत नव्हते. मग त्या पेनकडे बघितलं आणि मनात आलं, आज सही केली तर हेर्मान चुकला असं कोण म्हणेल? पेन खाली ठेवलं. पंधरा मे म्हणजे पंधरा मे, म्हटलं. तो उठला. कागद टेबलावर ठेवून गेला.

एक विचारू? बेरेंड म्हणतो, निघायच्या आधी त्यानं तुमच्याकडे फोन केला होता. कोर लगेच निघायला तयार झाला, पण तुझं डोकं दुखतं म्हणून तू पडली होतीस म्हणे. सख्खी बहीण मेल्यावर डोकं दुखतं? रागावलेली नाही. नुसतं विचारते.

अजून इथेच असलेली,
फेन्ना


व्लिसिंगन, ९ एप्रिल १९७९

फेन्ना,

डोकं दुखत नव्हतं.

कोरनं फोन ठेवला आणि सांगितलं, फेन्ना गेली. मी काळा कोट घातला. हॅट घातली. दारापर्यंत गेले. कोरनं दार उघडलं, आणि मी तिथेच उभी राहिले. पाय चांगला आहे, तो दुखतही नाही. डॉक्टर म्हणतात, असा सांधा वर्गात मुलांना दाखवावा. पण बाहेर फरशी ओली होती, पलीकडे रस्ता होता, आणि मी दाराची चौकट धरून राहिले. कोर म्हणाला, चल, गाडी चुकेल. मी बोळातल्या बाकावर बसले. माझी बहीण मेली होती आणि मी कोट घालून बाकावर बसले होते. दीड तासानं फोन आला की तू जिवंत आहेस. तेव्हाही मी तिथेच होते.

मी बांधावर कधी गेलेच नाही. ते जहाज कोरनं पाहिलं होतं, जेवताना त्यानं सांगितलं, ते मी तुला लिहिलं. केक बेकरीतला होता. चौदा माणसं आली नव्हती, कुणीच आलं नव्हतं, मीच नको म्हटलं होतं. गेल्या जूनमध्ये मी एकदा बाजारात गेले. माशांच्या गाडीसमोर माझी काठी सटकली आणि मी पडले. लागलं काहीच नाही. सगळ्यांनी उचललं, कुणीतरी स्टूल आणलं, मासेवाल्यानं पाणी दिलं. तेवढंच. त्या दिवसापासून मी घराच्या दाराबाहेर पडलेली नाही. दहा महिने झाले. सायकल कोरच्या भाचीला देऊन टाकली.

तुला खोटं का लिहिलं? तू विचारायचीस, कशी आहेस, आणि लिहिताना तेवढा वेळ मी बांधावर असायची. पुढे तू त्याच्यावर आपलं माप घेशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुझं मोज्याचं पत्र आलं तेव्हाच कळवायला हवं होतं. धीर झाला नाही.

येनेके


हार्लो, १२ एप्रिल १९७९

येनेके,

तुझं वेळापत्रक फाडून चुलीत घातलं.

तीन आठवडे मी रोज सकाळी तुझ्या त्या बांधाकडे बघत स्वतःला शिव्या घातल्या. चौथ्यात वीस वेळा, पाचव्यात एक कुबडी. माझी मांडी थरथरली की वाटायचं, येनेके असती तर थरथरली नसती. लहानपणी पोहायला घाबरून काठावर रडणारी येनेके आज बांधावर सायकल मारते आणि मी मोज्यापुढे हरते, असं वाटून मी पेन हातात घेतलं होतं. समजलं का तुला? बेरेंडच्या रडण्यानं निम्मं आणि तुझ्या खोट्या जहाजानं निम्मं.

मी इतकी चिडले आहे की आज ओट्याशी कॉफी पिताना रडायचंच विसरले.

आणि आता चिडून झाल्यावर सांगते. काल रात्री अनेक दिवसांनी झोप लागली, गोळीशिवाय. म्हणजे मी भित्री नाही आणि आळशीही नाही. मी सात आठवड्यांपूर्वी खुबा कापून घेतलेली बाई आहे, आणि अशा बाईची मांडी थरथरते. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे आपले मन प्रसन्न ठेवायला सांगतात. मी नाही ठेवणार. मी वाईट मनानं व्यायाम करीन. पाय काय चेहरा बघून बरा होतो?

यापुढे एक नियम. प्रत्येक पत्रात एक तरी खरी वाईट गोष्ट लिहायची. आणि तू उद्यापासून रोज दार उघडून उभी राहायचीस.

फेन्ना


व्लिसिंगन, २९ एप्रिल १९७९

फेन्ना,

दोन आठवडे लिहिलं नाही कारण मी तुझ्यावर रागावले होते. मी खोटं बोलले, मान्य. पण म्हणून तू मला हुकूम सोडायचे नाहीत. ‘उद्यापासून रोज दार उघड.’ तू काय टिमरबाई आहेस? तुझा एक जिना आहे, त्याला तारीख आहे, समोर बेरेंड आहे. माझ्या दाराला तारीख नाही. माझ्यावर कुणी डोळे वटारून बसलेलं नाही, कोर तर माझ्या भीतीला सांभाळून सांभाळून आता स्वतःच घाबरा झाला आहे. बाहेर न जाऊन माझं काही अडत नाही, तीच खरी गोम आहे.

तुझा नियम मात्र पाळते. खरी वाईट गोष्ट ही घे. तू सही केली असतीस तर मला बरं वाटलं असतं. आपण दोघी आत, प्रत्येकी एका खिडकीत, आणि मग मला कुणाला काही सांगायची गरज राहिली नसती. हे लिहायला मला आठ दिवस लागले.

दुसरीही एक आहे. दार मी उघडते. तू सांगितलंस म्हणून नाही. दुपारी, कोर झोपलेला असताना. उघडते, उभी राहते, लावते. शेजारच्या बाईनं परवा विचारलं, कुणाची वाट बघता? मी म्हटलं, पोस्टमनची. पोस्टमन सकाळी येतो.

पंधरा तारखेला जे होईल ते खरं लिही. जिंकलीस तरी खरंच लिही.

येनेके


हार्लो, १८ मे १९७९

प्रिय येनेके,

खरं लिहिते. सावकाश वाच.

मंगळवारी बेरेंड आणि सूनबाई रिया तीन वाजता आले. दोघं जिन्याच्या तळाशी उभे, परीक्षक असल्यासारखे. टिमरबाईंनी मला चढणं शिकवलं होतं. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा, एवढं ध्यानात ठेवा म्हणाल्या, बाकी विचार करू नका. एका हातात कठडा, एका हातात कुबडी, आणि मी चढले. चौथ्या पायरीला थांबले, नवव्याला थांबले. अकराव्याला मांडी थरथरली, थरथरू दिली. चौदावी चढून माझ्या खोलीत गेले आणि माझ्या पलंगावर बसले. बेरेंडनं बोळातून सूनबाईला गाडीतला बुके आणायला सांगितलं. म्हणजे लबाडानं बुके आधीच घेतला होता.

मग मी उतरायला म्हणून जिन्याच्या तोंडाशी आले आणि खाली बघितलं.

येनेके, मी तुझ्या दारात उभी होते. दुसरं काय लिहू? पाय जागचा हलेना. चौदा पायऱ्या खाली खाली जाताना दिसत होत्या आणि तळाशी बेरेंडचं हसरं तोंड. घामानं कठडा निसटायला लागला. आणि मी काय केलं असेल? मी खोटं बोलले. म्हटलं, दोन महिने खिडकीत झोपले, आज मी माझ्या पलंगावर झोपणार आहे. फुलं पाण्यात घाला आणि जाताना दार लावून घ्या. बेरेंड इतका खूश झाला की त्याला काही दिसलंच नाही. गेला.

मी दोन रात्री वर होते. वर बेसिन आहे, म्हणजे पाणी होतं. खुर्चीवर ठेवायचं भांडं होतं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एप्रनच्या खिशात दोन रस्क होते. बुधवारी दहाला मिना मागच्या दारानं आली आणि हाक मारली. मी वरूनच सांगितलं, वसंतातली साफसफाई काढली आहे, कपाटं आवरते. मिना म्हणाली, शहाणी बाई, आणि सूपचं पातेलं जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवून गेली. पहिल्या, म्हणजे खालच्या. दिवसभर ते सूप मला वास देत होतं आणि मी चौदाव्या पायरीवर उभी राहून त्याच्याकडे बघत होते. दहा वेळा उठले, दहा वेळा बसले. हाक मारली असती तर अर्धा रस्ता धावत आला असता. पण मग पहिल्या शेजाऱ्यानं मला मयतासारखं उचलून खाली आणलं असतं, आणि ते मला नको होतं.

गुरुवारी सकाळी सात वाजता उतरले. धीर आला म्हणून नाही. धीर आलाच नाही, तो यायची वाट बघणं मी सोडून दिलं. घाबरलेलीच उतरायचं ठरवलं. आधी दुखरा पाय. मग चांगला. प्रत्येक पायरीवर रडले, मोठ्यानं, घरात कुणी नव्हतंच. सूप आंबलं होतं. कॉफी केली आणि ओट्याशी उभी राहून प्यायले, आणि मग बोळात जाऊन बेरेंडला फोन लावला. एक कुबडी काखेत, एक भिंतीला टेकवून. तिसरा हात लागला नाही.

त्याला सगळं सांगितलं. दोन रात्री, भांडं, साफसफाई, सगळं. सांगितलं नसतं तर त्याला कधी कळलंही नसतं, करार तर मी चढण्याचा केला होता. पण एका जहाजानं आपल्या दोघींचं काय झालं ते मी पाहिलं आहे.

मला वाटलं, संपलं, सही घ्यायला निघालाच हा.

मग म्हणाला, ‘उतरलीस कशी?’

‘रडत,’ मी म्हटलं.

‘चौदाच्या चौदा?’

‘चौदाच्या चौदा.’

आणि मग म्हणाला, ‘मग मी त्यांना कळवतो, खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणून.’

मी विचारलं, अरे, मी दोन दिवस अडकून पडले होते हे तू ऐकलंस ना? तो म्हणाला, ऐकलं. चढलीस तेव्हा तू एकटी निभावशील अशी मला तेवढी खात्री नव्हती. आता आहे.

मी फोन ठेवून दिला. आता तुला एकच विचारते, आणि हा हुकूम नाही. तुझ्या दाराबाहेर पायऱ्या किती आहेत?

फेन्ना


व्लिसिंगन, २४ मे १९७९

फेन्ना,

दोन.

आज एक उतरले. कोर जागा होता, त्यानं हात पुढे केला, मी घेतला नाही. दुसऱ्या पायरीकडे बघत बराच वेळ उभी राहिले, रडले, आणि परत आत आले. शेजारच्या बाईनं सगळं पाहिलं. बघू दे.

उद्या पुन्हा जाणार आहे, घाबरलेलीच.

येनेके